मागच्या दाराजवळचं स्टूल

रखवालदार : कुणाचा विश्वास बसणार नाही म्हणून आजवर कुणाला सांगितलं नाही. पण तू मला स्टूल सरकवायला सांगतेस, म्हणून सांगतो. कराटेच्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत मी जेवढा घाबरलो, तेवढं या हॉलमध्ये आजवर कुणी घाबरलेलं नाही.

सतरा नंबर : काका, आधी सरका. दार उघडू द्या. मला जरा हवा पाहिजे.

रखवालदार : हवेला ती खिडकी आहे. दारातून माणसं जातात.

सतरा नंबर : लॅबमध्ये दिवसाला साठ जणांचं रक्त काढते मी. तान्ह्या बाळाची शीर पहिल्या झटक्यात सापडते. आणि आज स्वतःच्या पट्ट्याची गाठ बसेना.

रखवालदार : इकडे ये. हे टोक वर, हे खालून. सहा वर्षं बांधतेस आणि आजच विसरलीस. कितवी वेळ?

सतरा नंबर : तिसरी. पहिल्या वेळी वाकून नमस्कार केला आणि वर उठताच येईना, रडूच फुटलं. गेल्या वर्षी काता करताना अडकले. सगळ्यांना सोपं वाटतं ते. समोर कुणी नाही, ठरलेल्या क्रमानं एकटीनं हवेशी लढायचं, आणि जिथून सुरुवात केली त्याच पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबायचं. सातव्या वळणाला सगळं पुसलं गेलं. उजवं की डावं, काही कळेना. भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मग मागून माझी मुलगी हळूच म्हणाली, "आई, डावीकडे." हळूच म्हणाली, पण सगळ्या हॉलनं ऐकलं.

रखवालदार : आज आलीय?

सतरा नंबर : पहिल्या रांगेत आहे. काही बोलणार नाही असं कबूल केलंय. मघाशी फटीतून पाहिलं तर दोन्ही हातांनी तोंड दाबून बसलीय. अजून माझा नंबरसुद्धा आला नाही, काका.

रखवालदार : तीन हाका देतात. वेळ असतो.

सतरा नंबर : तिसऱ्या हाकेला आत नसलं की परीक्षेच्या वहीतून नाव खोडतात. कायमचं. मी पाहिलीत तसली नावं.

रखवालदार : मीही पाहिलीत. वही मीच तर कपाटात ठेवतो. तर ऐक. माझाही घोळ सातव्याच वळणाला. वळायचं कुठं ते आठवेना, आणि पाय काही थांबेनात. म्हटलं, वळता येत नाही तर सरळ जाऊ. ठोसा, अडव, ठोसा, अडव, करत निघालो. आधी या खोलीचं दार लागलं, मग हे मागचं, आणि पडलो गल्लीत. गल्लीत न्हावी एकाची दाढी करत होता. त्यानं माझा ठोसा पाहिला, वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, गल्ल्याला कुलूप नाही, काय न्यायचं ते न्या. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं पळालं. अजून तसंच फिरतंय म्हणतात.

सतरा नंबर : काका, मला हसू येत नाहीये.

रखवालदार : हसायला कोण सांगतंय? चौकातल्या पोलिसाला वाटलं, वाहनं अडवायच्या नव्या खुणा आल्यात. त्यानं चारी रस्ते थांबवले. पुलावर पोचलो तेव्हा माझ्यामागे वीस-पंचवीस माणसं ठोसे मारत चालली होती. आरोग्य खात्याची मोहीम आहे असं कुणीतरी उठवलं होतं. पण मला त्यातलं काही दिसत नव्हतं, पोरी. तोंडाला लोखंडाची चव. पाठीवरून गार पाण्याचा ओघळ. आणि डोक्यात एकच, की थांबलो तर मागे वळून बघावं लागेल, आणि मागे सगळे बघत असतील.

सतरा नंबर : हो. नजरा पाठीवर जड होतात. ओल्या कपड्यासारख्या.

रखवालदार : अगदी तशाच.

(आतून हाक : "सतरा नंबर.")

सतरा नंबर : झाली पहिली. काका, सरका ना. मला नाही जमणार. मुलीला सांगा, आईच्या पोटात दुखलं. काहीही सांगा.

रखवालदार : सांगेन. गोष्ट संपू दे, मग सरकतो. पुलाच्या टोकाला एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं विचारलं, कुठं निघालात? म्हटलं, परीक्षेला. ती म्हणाली, पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं तिकडे आहेत, तुम्ही इकडे कुठं? आणि तिथं मला आठवलं. डावीकडे. वळलो, आणि तसाच ठोसे मारत पूल, चौक, न्हावी सगळं मागे टाकत आलो. खांद्यानं हे दार ढकललं, आत शिरलो, आणि नेमका त्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबलो. पंचांचा चहा संपत आला होता. मोठे पंच म्हणाले, काता जरा लांबला, पण शेवट जागेवर आहे. दिला पट्टा.

सतरा नंबर : पुढच्या दारानं नाही आलात?

रखवालदार : पुढं सगळी मंडळी बसलेली. कुठल्या तोंडानं येणार? याच दारानं आलो.

सतरा नंबर : तुमच्या किल्ल्यांना पट्ट्याचा तुकडा बांधलाय, तो तर तपकिरी आहे, काळ्याच्या खालचा.

रखवालदार : काळा पट्टा किल्ल्यांना कोण बांधतं? ऐक, दुसरी हाक झाली.

सतरा नंबर : ऐकली. हेच दार होतं ना तेव्हा? नवं नाही बसवलेलं?

रखवालदार : बिजागरीसुद्धा तीच आहे. का गं?

सतरा नंबर : गेल्या वर्षी नापास झाल्यावर, तुम्ही स्टूल उचलून गेलात तेव्हा, मी रडायला इथूनच बाहेर गेले होते. दार मागे आपोआप लागलं. याला बाहेरून मूठ नाही, काका. खांदा मारून पाहिला, लाथ मारून पाहिली. शेवटी अख्ख्या इमारतीला अनवाणी वळसा घालून, सगळ्यांच्या देखत पुढून यावं लागलं. इथून बाहेर गेलेलं माणूस इथून आत येत नाही.

रखवालदार : तेव्हा जरा सैल होतं ते.

सतरा नंबर : तुम्ही परत आलाच नाहीत. वहीतलं एक खोडलेलं नाव तुमचं आहे. म्हणून परीक्षेच्या दिवशी तुमचं स्टूल इथं असतं.

रखवालदार : सरकू का मग?

सतरा नंबर : नको. बसा तिथंच. गाठ तेवढी एकदा ओढून बघा, मग मी आत जाते.