भिंगासारखी काच

नणंद : परत पुसतोयस ही खिडकी? स्वयंपाकघराच्या ओट्याला जन्मात कधी फडकं लावलं नाहीस. मघाशी पेल्यातलं उरलेलं पाणी मी बाहेर फेकलं, उघडीच आहे समजून. सगळं परत माझ्याच तोंडावर.

नवरा : हळू बोल गं ताई. ती फोटो काढतेय.

बायको : बोलू द्या हो त्यांना. आतलं बोलणं पाखरांना कुठे ऐकू जातंय. वन्सं, तेवढं ते लाल काय आहे ते बाजूला ठेवता का? काचेत उतरतंय.

नणंद : ते लाल म्हणजे माझा स्वेटर आहे. अंगात आहे. कुठे ठेवू?

बायको : मग तुम्हीच जरा सरका.

नवरा : हे दुकानातलं पाणी आहे ताई, चष्म्याची भिंगं पुसायचं. खिडकीला कोणी वापरत नाही. गिऱ्हाईक चष्मा घालतं आणि विचारतं, काच बसवलीय ना नक्की? तशी झाली पाहिजे. काच आहे हेच कळता कामा नये.

नणंद : कळतच नाहीये कोणाला. तेच तर सांगतेय.

नवरा : ताई.

बायको : काय सांगताय वन्सं?

नणंद : काही नाही. स्वेटर अजून ओला आहे म्हणते.

बायको : थांबा, थांबा. फुकट्या आला बघा. सगळा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला माझा, पण असा निर्लज्ज प्रवासी पाहिला नाही. दाण्याच्या थाळीच्या तोंडाशीच बसायचं आणि मागच्याला आत येऊ द्यायचं नाही. ओ काका, पुढे सरका. पुढे गाडी रिकामी आहे.

नवरा : आला का नीट?

बायको : डोळा लख्ख आलाय. मानेची पिसं एकेक वेगळी दिसतायत. तुमच्या पाण्याची करामत. टोपीवाला मात्र आजही नाही.

नणंद : हा कोण आणखी?

बायको : काळी टोपी, पिवळं पोट. मुठीत मावेल एवढा जीव, पण गळा केवढा! सकाळी गायला लागला की दारावरची बेल ऐकू यायची नाही. दोन दिवस झाले, आवाज नाही.

नवरा : बदली झाली असेल. दुसऱ्या मार्गावर टाकलं असेल त्याला.

बायको : असेल. वरच्यांना काय, मनात येईल तशा बदल्या करतात.

नणंद : अरे, ती दाण्याची थाळी जरा लांब टांग ना. तिकडे झाडाला.

नवरा : पलंगावरून दिसत नाही तिथलं.

नणंद : मग पलंग हलव.

नवरा : भिंतीत दांडा ठोकलाय ना, तिला धरून उठायला. व्यायाम त्याच्यावरच होतो. पलंग हलवून कसं चालेल?

नणंद : बरं, काचेवर कागदाच्या पट्ट्या चिकटव. माझ्या शिवणकामाचे कागद पडलेत ढीगभर.

नवरा : आणि फोटो काय पट्ट्यांचे काढायचे? थोडे दिवस राहिलेत गं. उन्हाळा आला की ही स्वतः अंगणात उभी राहून काढेल. मग मळू दे खिडकी हवी तेवढी.

नणंद : बसच्या पायरीवरून पडली तेव्हा म्हणालास, थंडीपर्यंत. आता उन्हाळा.

नवरा : हो. आता उन्हाळा.

(काचेवर काहीतरी मऊ आपटतं.)

नवरा : चेंडू. शेजारच्यांचा असेल. देऊन येतो.

बायको : थांबा.

नवरा : आलोच. काचेवर डाग पडला असेल, तोही पुसून...

बायको : नका पुसू. वन्सं, स्टँडवरचा कॅमेरा जरा यांच्याकडे वळवता? मागचं बटण दाबत जा. आणखी मागे. हां, हा. बघा हो. परवा तुम्ही दुकानात होतात तेव्हाचा. थाळी सोडून मी काचेवरच नेम धरला होता.

नणंद : अगं बाई. पंख उमटलेत.

बायको : पिसांवर पिठीसारखी धूळ असते त्यांच्या. इतकी स्वच्छ काच, म्हणून सगळं उमटलं. चोच टेकली तो ठिपकासुद्धा. हीच ती टोपीवाल्याची बदली.

नवरा : तुला माहीत होतं.

बायको : चेंडूचा आवाज कळतो मला.

नवरा : बुटाच्या खोक्यात ठेवतो मी त्यांना. खाली फडकं घालून. झाकण उघडंच ठेवतो. एक उठलं होतं गं. तासाभराने उठलं आणि गेलं उडून. म्हणून वाटतं, दुसरंही उठेल.

नणंद : आणि उठलं नाही की?

नवरा : कुंपणाशी जागा आहे.

बायको : मी बोलले नाही, कारण सकाळचा तेवढा वेळ तरी तुम्ही काचेशी असता. नाहीतर माझ्या पायांना तेल चोळत बसता आणि विचारत राहता, कळतंय का, कळतंय का.

नवरा : मला वाटलं, थाळी काढली तर दिवसभर तुला राहणार काय?

नणंद : छान. तुम्ही जपा एकमेकांना. आपटायला पाखरं आहेतच.

नवरा : मग करू काय मी? थाळी काढू, पट्ट्या लावू, काय करू? तुम्ही दोघी सांगा. माझ्या हातात काय आहे? मला काच पुसता येते, दुसरं काही येत नाही.

नणंद : मी बघून येते बाहेर. खोकं कुठे आहे?

नवरा : जिन्याखाली. हलतंय का ते पाखरू?

नणंद : इथून तर नाही वाटत.

बायको : वन्सं, जाता जाता कपाटामागचं तेही ओढा जरा पुढे.

नवरा : कपाटामागचं काय?

बायको : चाकांची खुर्ची. आणल्या दिवसापासून प्लास्टिकमध्येच उभी आहे.

नवरा : ती परत जायचीय. लागली नाही तर परत घेतो म्हणालाय तो दुकानदार. फक्त प्लास्टिक फाडायचं नाही, अशी अट आहे.

बायको : डॉक्टर तुम्हाला बोलायला शेजारच्या खोलीत घेऊन गेले होते ना, त्या खोलीचं दार नीट लागत नाही. आणि मला भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकावरची कुजबुज ऐकू यायची.

नवरा : नको ना.

बायको : मळू दे ती काच. मी अंगणात बसून काढीन फोटो. या इकडे, फाडा ते प्लास्टिक. अहो, मी आता चालणार नाही.