रानातलं ऊन

जळगावच्या स्थानकावर आता लोखंडी बाकं आलीत. धुळ्याच्या गाडीला उशीर होता. शेजारी एक मारवाडी जैन आजी, आणि परीक्षेला असलेली इंग्रजी कादंबरी तिला सांगणारी तिची नात.

“मग लग्नाबाहेर मूल झालं म्हणून गाव त्या बाईच्या छातीवर पापाची खूण लावतं, दादी.”

“आणि तो बाप्या?”

“तो धर्मगुरू. सात वर्षं गप्प. लोक त्याच्या पाया पडतात.”

“अरे देवा!”

“मग दोघं रानात भेटतात. ती खूण काढून फेकते, आणि एकदम सगळ्या झाडांवर ऊन पडतं.”

“तिच्यासाठी? रानाला एवढं कळतं, बाई!”

“दादी, रडतेस?”

“माझ्या अठाईचा फोटो आहे ना, मिरवणुकीतला?”

“हो, आठ दिवस नुसत्या पाण्यावर!”

“सहाव्या दिवशी परसातला पेरू खाल्ला मी. उष्टा तुकडा सापडला. आळ सुंदरवर आला, माझ्या नणंदेवर. तिचाही उपवास होता. तिला मिरवणुकीत बसू दिलं नाही.”

“सुंदरआजी? आपण तिच्याकडेच तर चाललोय!”

“दर संवत्सरीला, सगळेच मागतात तशी, तिची क्षमा मागते, पण पेरूचं नाव घेत नाही. फोन लाव. समोर गेले की पुन्हा जीभ अडेल.”

“लागला. स्पीकरवर आहे.”

“सुंदर, तो पेरू मी खाल्ला होता.”

“माहीत आहे, भाभी. मी खिडकीतून पाहिलं होतं. खाताना तुम्ही रडत होता.”