डावी किक

शिलाई मशीनचा वाकलेला दांडा मांडीवर घेऊन शिंपीणबाई लेथच्या दुकानात नंबर लावून बसल्या होत्या. पुढचे काका फडक्यातून इंजिनाचे सुटे भाग काढून मिस्त्रींपुढे मांडत होते.

"काका, बूड एका गाडीचं, सिलिंडर दुसरीचा, झाकण तिसरीचं! ही गाडी आहे की गोधडी?"

शिंपीणबाईंना हसू आलं.

"चिखलातल्या शर्यतीची जुनी गाडी आहे, मिस्त्री. किक तेवढी डावीकडे आणायचीय."

"उजवीकडे काय वाईट आहे?"

"मुलाचा उजवा पाय गेला. हिच्यावरूनच पडला."

"अरेरे! मग मागचा ब्रेक?"

"तो हातावर घेतलाय."

"एकदा त्याला बसवून बघा. उंचीचा अंदाज येईल."

"कसला बसतोय! मी पाना हातात घेतला की खोलीचं दार लावून घेतो. वर्ष झालं, माझ्याशी एक शब्द बोललेला नाही."

"मग ही चालवणार कोण, काका?"

"तो पडला त्या दिवशी ब्रेक मीच बसवला होता, मिस्त्री. तुम्ही तेवढं किकचं बघा."