गाव ठरलं दाढीवर

हसाल तुम्ही, पण गाव कशाला म्हणायचं हे मला दाढी करून घेताना कळलं. तेव्हा मी भोरला कचेरीत कारकून होतो. हुकूम आला, वेल्ह्याकडच्या डोंगरात फिरा आणि गाव कुठलं, वाडी कुठली ते लिहून आणा. देऊळ आणि स्वतःचा न्हावी असेल ते गाव, नाहीतर वाडी. शाळा मिळणार ती फक्त गावाला.

विंझरच्या वरच्या वाडीत पोचलो. तिथले म्हातारे आबा म्हणाले, "वाडी न्हवं सायेब, गाव हाय ह्ये."

"देऊळ आहे?"

"हाय."

"न्हावी?"

"हाय की! बसा, तुमचीच दाढी करवून दावतो."

न्हाव्यानं माझा उजवा गाल उरकला, तोच खालून हाक आली. वस्तरा धोकटीत टाकून गडी ओढ्यापलीकडच्या वाडीकडे पळाला. डाव्या गालावर साबण तसाच घेऊन मी त्याच्या मागं.

तिथं त्या वाडीची नोंद घ्यायला आलेला माझा जोडीदार कारकून बसलेला, आणि हाच न्हावी त्याला साबण लावतोय! वाडीचा कारभारी छाती काढून सांगत होता, "ह्यो आमच्या गावचा न्हावी!"

न्हावी मला म्हणाला, "सायेब, मी दोनी वाड्यांचं बलुतं घेतो. आधी तुमी बसा, साबण वाळाय लागला."

मी दोन्ही मिळून एक गाव लिहिलं. साहेब भोरला खेकसले, "मधे ओढा असताना एक गाव कसं?"

"साहेब, उजवा गाल अलीकडे झाला, डावा पलीकडे. दाढी एकच धरायची ना?"

शाळा ओढ्याच्या काठावरच झाली. तिच्या ओट्यावर पहिला येऊन बसला तो न्हावी. म्हणाला, "आता पळाय नगं!"