मामाच्या बंदुकीचं वायसर

...आन् वर मलाच इचारत्यात, ‘नागेश, म्होरला दात कुठं गेला?’ आरं, दात काय बाजारला गेलाय व्हय? पाडला! बंदुकीनं पाडला! छर्‍यानं न्हवं, नळीनं! तुमास्नी सांगतो, मी लई शांत माणूस हाय, पर माकडानं माणसाच्या कानाखाली वाजवल्यावर माणसानं शांत ऱ्हायाचं म्हंजे किती ऱ्हायाचं?

व्हय, वाजवली! अंथुर्ण्याला माझी डाळिंबाची बाग हाय. फळ तोडायला आलेलं, आन् रोज सकाळी एक काळतोंड्या हुप्प्या सगळी टोळी घेऊन हजर. एक डाळिंब तोडायचं, एक चावा घ्यायचा, फेकायचं, दुसरं तोडायचं! मी काठी घेऊन धावलो. त्यानं काठी धरली, वढली, आन् दिली की ठिवून! माझ्याच बागंत, मला! आन् माझी बायको वृषाली बांधावर उभी ऱ्हाऊन हसतीय!

मग मी सासऱ्याकडनं बंदूक आणली. हवेची वो, छर्‍याची. जीव घ्यायचा न्हवता, ढुंगणावर एक चटका द्यायचा, बास. सासरा माझा, रामहरी मामा, वालचंदनगरला कारखान्यात नोकरी केलेला माणूस. पोरगी देताना डोळ्यात टिपूस न्हवता, बंदूक देताना गळा दाटून आला! म्हणला, ‘नागेशराव, पोरगी तुमची झाली. बंदूक माझीच हाय. हाय तशी परत पायजे. वरखडा जरी दिसला, तर जावई हाय का कोण हाय, बघणार न्हाय.’

आता ही बंदूक मधनं मोडायची असती. नळी खाली वाकवायची, आतली स्प्रिंग दाबली जाती, नळीच्या बुडात छर्रा घालायचा, नळी टक्कन मिटवायची, घोडा वढायचा. पोरासोरांचं काम! पर जितं नळी मिटती ना, तितं एक बारकं रबराचं वायसर असतंय. ते झिजलं की सगळी हवा तितनंच बाहीर. मला काय म्हाईत? मी नेम धरला, घोडा वढला... फुस्स! हवा माझ्या डोळ्यात आन् छर्रा हुप्प्याच्या पायाम्होरं टपकन पडला. त्यानं उचलला. हुंगला. आन् मलाच फेकून मारला!

तुमास्नी सांगतो, मी लई शांत माणूस हाय. तशीच बंदूक घरी आणली. वृषाली म्हणली, ‘अवो, सांध्यावर जरा पावडर टाका की. उडंल तितनं हवा जातीय म्हणायचं.’ टाकली. वढला घोडा. कळलं की! आख्खी पावडर माझ्या तोंडावर, आन् ही परत हसाय मोकळी! मी पावडरीचा डबा भित्ताडावर आपटला, त्यो उलटा येऊन माझ्याच नडगीवर बसला. दिवसच वंगाळ.

गेलो सणसरला, अविराजकडं. ठिबकचं दुकान हाय त्याचं. ‘नागेशभाऊ, त्यात काय एवढं? हे ग्रोमेट घ्या. पाईपाला भोक पाडून बसवतो, त्येच रबर. थेंब गळत न्हाय, हवा काय गळतीय!’ मला पटलं की वो! आमच्याकडं न्हाणीचा नळ गळू द्या, फवारणीचा पंप गळू द्या, माणूस आदी ठिबकच्या सामानात हात घालतो. बसवलं ग्रोमेट. घट्ट बसलं. इतकं घट्ट, इतकं जाड, की नळीच मिटंना!

आन् नळी मिटल्याबिगर तिला धरून ठिवणारा खटका अडकत न्हाय. खटका न्हाय तर नळीचा काय भरवसा? मांडीवर दाबली, मांडी काळीनिळी. लिंबाच्या बुंध्याला लावून रेटली, साल निघाली, लिंबाची बी आन् माझी बी! शेवटी बागंत दगडावर बसलो. स्प्रिंग चढलेली, नळी उघडी, बंदूक मांडीवर, आन् मी नळीवर तोंड वाकवून अंगठ्यानं ते रबर आत दाबतोय. शांतपणे! आन् मागनं त्या हुप्प्यानं अर्धं खाल्लेलं डाळिंब नेम धरून पाठीत हाणलं! मी दचकलो, दुसऱ्या हाताचं बोट घोड्यावर...

खाडकन! नळी आपल्या आपण वर आली! अंगठा सांध्यात, नळी हनुवटीवर, म्होरला दात तुटून त्या डाळिंबात! दस्ता उभा चिरला, आन् नळी मधनं वाकून आभाळाकडं बघाय लागली. मी बोंबललो, तशी वृषाली पळत आली. ‘अगं बया, आमच्या तात्यांची बंदूक!’ नवऱ्याच्या तोंडातनं रगत, आन् हिला बापाची बंदूक!

आन् त्याच येळंला मामा बागंत हजर! अधिक महिना न्हवं का, धोंड्याच्या जेवणाचं आवतान घेऊन आलेला. अधिक महिन्यात जावई म्हंजे विष्णू! म्हणून त्यानं आदी माझ्या सुजल्या तोंडाकडं न बघता टिळा लावला, टोपी घातली, खांद्यावर टावेल टाकला. रीत म्हंजे रीत. मग म्हणला, ‘बंदूक.’

दिली. काय करणार? त्यानं सांध्यात बघितलं.

‘ह्ये ठिबकचं?’

‘व्हय, मामा.’

‘नळी उघडी आसताना घोडा वढला?’

‘मामा, माकडानं...’

‘वढला का?’

‘...व्हय.’

बांधावर ठिबकची नळी पडली हुती. तीच उचलली! विष्णूला! टोपीसकट! ह्या वळीतनं त्या वळीत, त्या वळीतनं ह्या वळीत, पाठ सोलून काढली वो! ‘हितं हवा गळती का?’ सट्! ‘हितं गळती का?’ सट्! मी लई शांत माणूस हाय, मामा, आसं मी वरडून सांगतोय, पर आयकतो कोण? हुप्प्याची टोळी बघत हुती. आदी मजेत. मग मामाचा त्यो अवतार बघून त्यांनी पिल्लं पोटाशी धरली आन् वढा वलांडून जी पळाली, ती पळालीच.

मामा थांबला. धापा टाकत पळणाऱ्या माकडांकडं बघितलं, बागंकडं बघितलं, माझ्याकडं तर बघितलंच न्हाय. म्हणला, ‘वृषाली, माझी पिशवी आत ठेव.’

आता मामा रोज दिस उगवायला बागंत चकरा मारतो, हातात नळी. डाळिंबाला वरखडा न्हाय, बाग कशी डोलतीय. माकडं गेली वो. सासरा ऱ्हायला.