मॅडमच्या रिपोर्टवर राहिलेली ओळ

जमलेल्या मंडळींनो, मला बोलता येत नाही. मी सुरेश, डॉक्टर मालतीबाईंच्या लॅबमधला टेक्निशियन. बारा वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून गप्प बसलोय. पण आज गप्प बसलो, तर मॅडम मला माफ करायच्या नाहीत.

या शोकसभेला आल्यापासून ऐकतोय, मलेरियाच्या डॉक्टरलाच मलेरियानं नेलं, काय हे नशीब! नशिबाला कशाला मध्ये आणता?

रिपोर्टवर आम्ही प्लस लिहितो. रक्तात जंतू थोडे, तर एक. खच्चून भरलेले, तर चार. मग सगळे प्लस बघतात, माणसाकडे कोण बघतो? ओवे गावची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. एक प्लस. मी म्हटलं, किरकोळ आहे. ती म्हणाली, "एकच हाय ना, मग यो डोले का नाय उघडत?"

मॅडमनी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. त्यांनी पुस्तकं पालथी घातली. मग आम्हाला सांगायच्या, जंतू शिरले की आपल्याच पेशी एकमेकींना निरोप धाडतात. त्यातलाच एक टीएनएफ. बेताचा असेल तर जंतूंशी लढायला मदत. बेसुमार सुटला, तर रोगापेक्षा इलाज भयंकर. अत्यवस्थ रोग्यांत तो जास्त सापडतो, आणि प्लसवरून त्याचा पत्ता लागत नाही. अजून सगळं कळलेलं नाही, हेही न चुकता सांगायच्या.

तेव्हापासून प्रत्येक रिपोर्टखाली लाल शाईनं, स्वतःच्या हातानं लिहायच्या, "प्लसवरून आजार तोलू नका. रोग्याला बघा." काही डॉक्टर चिडले. आम्हाला शिकवता का, म्हणाले. रिपोर्ट परत आले. मॅडमनी ते त्याच ओळीसकट पुन्हा पाठवले.

आता माझं ऐका. गेल्या मंगळवारी मॅडमना हुडहुडी भरली. स्लाइड मी वाचली. एक प्लस. त्यांनी लाल पेन उचललं, पण हुडहुडीत अक्षर उमटेना, म्हणून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "सुरेश, ओळ तू लिही."

मी हसलो हो. म्हटलं, "मॅडम, तुमचंच वाक्य तुम्हालाच कशाला सांगायचं?"

ती ओळ सुरू झाल्यापासून तेवढा एकच रिपोर्ट तिच्याशिवाय गेला. दवाखान्यात कुणीतरी तो बघितला, एकच प्लस आहे म्हणाले आणि त्यांना बाकावर बसवून ठेवलं. संध्याकाळी मॅडम मलाही ओळखेनात.

चूक माझी आहे. मी ती कुणावर ढकलत नाही.

मघाशी दारात एक डॉक्टर हळूच म्हणाले, आता तरी ते लाल लिहिणं बंद करा. साहेब, तुम्ही पुढच्याच रांगेत बसलाय, म्हणून तोंडावर सांगतो. बंद होणार नाही. आज सकाळी लॅब पुन्हा उघडली, तेव्हापासून ती ओळ मी लिहितोय. परत पाठवाल, तर पुन्हा पाठवीन. तुम्ही थकाल, मी थकायचा नाही.

मॅडमचा तो रिपोर्ट माझ्या खिशात आहे. लाल पेनही त्यांचंच आहे. राहिलेली ओळ मी आत्ता, इथं लिहिणार आहे. माझं लिहून होईपर्यंत, मंडळी, तुम्ही सगळे शांत उभे राहा.