पहिल्या नंबराचा मान

माझं माहेर साखरा, दिलं गोरेगावला, आमी मणेर, म्हंजे बांगड्या भरायचा धंदा, आन् नवरा गेला तवा माझा करीम अंगावर पीत होता. सासरा म्हणाला, बाईमाणसानं टोपली घेऊन बाजारात बसू नये. मी म्हणलं, मग तुमी पोसा. तवापासून गोरेगाव, सेनगाव, साखरा, सगळे बाजार मी एकटीनं केले, आन् मास्तर, तुमी लिहून घेता म्हणून सांगते, भावात मला कोणी गुंडाळलं न्हाई. फिरोजाबादचा माल घेऊन येणारे शेट मला पाहिलं की आधी पाणी प्यायचे. डोकं माझं तापट, तोंड फाटकं, पण माल खरा. मुसलमानाच्या घरच्या, कुणब्याच्या घरच्या, सगळ्या बायांचे हात मला पाठ. डोळे झाकून मनगट हातात दिलं तर सांगीन कोणाचं हाय ते.

करीम हुशार निघाला. गावची शाळा संपली तवा सगळे म्हणले, आता बसव टोपलीपाशी. मी न्हाई ऐकलं, हिंगोलीच्या हायस्कुलात घातलं, माझ्या मामाच्या घरी ठेवलं. तिथंच देशमुखाचा माधव होता. कोणते देशमुख ते विचारू नका, गावाचं नाव घेणार न्हाई, सेनगावच्या वाटेवर हाय एवढं लिहा. त्या शाळेत सगळं शिकणं उर्दूत, माधवला पहिल्या साली ओ का ठो कळेना, तर करीमनं त्याला उर्दू शिकवली आन् त्यानं करीमला हिशोब शिकवला, दोघं एका बाकावर. एका साली हा पहिला, एका साली तो पहिला. भांडण कधी न्हाई. भांडण आमा मोठ्यांचं.

शाळेचा जलसा व्हायचा दर साली, थंडीत. भाषणं, नाटक, कविता म्हणणं, मग इनाम. आन् रीत अशी की जलसा सुरू करायचा पहिल्या नंबराच्या पोरानं. शेरवानी घालायची, लाल टोपी घालायची, सगळ्यांच्या पुढं उभं राहून हैदराबादच्या सरकारच्या सलामतीची दुआ गाऊन म्हणायची, बाकीच्यांनी मागून. मग पाहुण्यानं त्याच्या छातीवर बिल्ला लावायचा. त्या एका उभं राहण्यासाठी लोक पोरांना शिकवायचे म्हणा ना. बाजारात लोक म्हणायचे, ते पाहा, अमक्याचं पोरगं, दुआ म्हणलेलं.

हिंदुस्तानातून इंग्रज गेला, त्याच्या नंतरची ती थंडी. आमच्याकडं अजून हैदराबादचंच राज. त्या राजाच्या बाजूचे, खाकी कपडे घातलेले लोक गावोगाव फिरून राहिले होते, बंदुका घेऊन. आन् त्या संक्रांतीला माझा धंदा बसला. मोठ्या मोठ्या घरी जावं तर बाया न्हाईत. कुठं गेल्या, तर म्हणे वाशिमला, लगीन हाय. दुसऱ्या घरी, वाशिमला, बाळंतपण हाय. तिसऱ्या घरी नुसतं जातं पडलेलं आन् म्हातारी कुत्र्याला भाकर टाकून राहिलेली, ती तर काही बोलेच ना. सरहद्दीच्या पलीकडं, हिंदुस्तानात, एकदम एवढी लग्नं कशी निघाली, असं माझ्या मनात आलं, पण टोपली भरलेली परत आणायचा राग जास्ती होता. देशमुखाच्या घरच्या बायाही गेलेल्या. वाड्याच्या ओसरीवर देशमुख एकटेच.

त्यांनी मला बसा म्हणलं. कधी म्हणत न्हाईत. म्हणाले, हलीमाबी, माधव पहिला आला पण त्याचा घसा बसलाय, तुमचा करीम दुसरा, त्यानं दुआ म्हणावी असं माझ्या मनात हाय. मला मनातून उकळ्या फुटल्या, पण धंदेवाली बाई मी, तोंड कडू केलं. म्हणलं, उष्टा मान माझ्या पोराला नको. मान द्यायचा तर बिल्लाही त्यालाच पाहिजे. ते म्हणले, बराबर. म्हणलं, शेरवानीचं कापड तुमचं. म्हणले, घेऊन जा. म्हणलं, हेडमास्तरांना तुमी सांगायचं. म्हणले, कालच सांगितलं.

बघा मास्तर. तीन गोष्टी मागितल्या, तिन्ही दिल्या, एकदासुद्धा नको म्हणून मान हलवली न्हाई. कोणी घासाघीस न करता भाव कबूल करतो तवा मालात खोट असते, हे मी शेटांना शिकवलं, आन् त्या दिवशी शेरवानीचं कापड काखेत मारून मी हसत घरी आले. पण मला कळलं न्हाई हा माझा गुन्हा न्हाई. तिथं उभं राहणारं पोरगं उद्या कोणाचं ठरेल, ते त्यांना कळत होतं आन् ते बोलले न्हाईत.

जलशाला मी गेले, बायांसाठी पडदा लावला होता, त्याच्या मागं बसले. करीमनं दुआ म्हणली. आवाज असा की बाकीची पोरं मागून म्हणायचंच विसरली. पुढच्या ओळीत खाकीवाले बसले होते. त्यांचा मोठा होता तो उठला, बिल्ला लावला, करीमच्या खांद्यावर हात टाकला आन् सगळ्या लोकांना म्हणाला, हा आपला शेर. टाळ्या झाल्या. करीमचा चेहरा मला पडद्याच्या फटीतून दिसला, त्यानं त्या हाताकडं पाहिलं, जसं खांद्यावर पाल पडली. त्याच जलशात त्यानं मराठीत भाषण केलं, शेतीवर, त्यातही पहिला आला. ते भाषण आज कोणाच्या ध्यानात हाय? हा हात तेवढा सगळ्यांच्या ध्यानात राहिला.

त्याच्यानंतर बाजारात बाया हात मागं घ्यायला लागल्या. आज नको हलीमाबी. पुढच्या बाजारी पाहू. मी धरलेला हात हळूच सोडवून घ्यायच्या. एकीचं पोरगं म्हणालं, आई, ही शेराची माय का? तिनं त्याला चापट मारली, पण माझ्याकडं पाहिलं न्हाई.

भादव्यात हिंदुस्तानची फौज आली. खाकीवाले पळाले, ज्यांनी कोणाचं काही केलं न्हाई ते घरात सापडले. काय काय झालं ते मी सांगणार न्हाई, तुमी पण लिहू नका. फौजेनं करीमला नेलं. विचारलं, दुआ म्हणणारा तूच का? तो म्हणाला, व्हय. माझं लेकरू खोटं बोलत न्हाई, तेवढीच त्याची चूक. हिंगोलीच्या कचेरीत मी रोज जाऊन बसायची. तिथला साहेब म्हणाला, बाई, कोणी इज्जतदार माणूस येऊन सांगेल की हा खाकीवाल्यांतला न्हाई, तर सोडतो, न्हाईतर परभणीच्या तुरुंगात जाईल.

देशमुखाकडं गेले. आता त्यांच्या अंगावर खादी, दारात लोकांची गर्दी. म्हणलं, मालक, एवढंच सांगा, जागा माधवची होती. ते हळू आवाजात म्हणाले, तवा जबरदस्ती केली का मी? अटी कोणी घातल्या? अटी मीच घातल्या होत्या.

दिवाळीच्या आधी वाशिमहून बाया परत आल्या आन् देशमुखीणबाईंचा निरोप आला, बांगड्या भरायला या. मी गेले. जुन्या बांगड्या काढल्या, उजवा हात भरला, हिरव्या, आन् थांबले. म्हणलं, वयनी, दुसरा हात मालकांनी कचेरीत शब्द टाकल्यावर भरीन. त्यांना काहीच ठावं नव्हतं. मी सगळं सांगितलं, घसा, कापड, बिल्ला. सवाशिणीचा एक हात भरलेला आन् एक उघडा, असं आमच्यात कोणी करत न्हाई, माझाच जीव घाबरला. रिकाम्या हाताला निदान दोरा बांधते म्हणून मी हात धरायला गेले.

त्यांनी हात ओढून घेतला. दोराही नको म्हणाल्या. मालकांना बोलवा.

देशमुख आले, पाहिलं आन् जागीच थांबले. वयनी उघडा हात मांडीवर ठेवून बसलेल्या, वर पाहिलं न्हाई. एवढंच म्हणाल्या, माधवला घेऊन हिंगोलीला जावा. तोवर हा हात असाच राहील.

लोक काय म्हणतील, देशमुख म्हणाले. त्या म्हणाल्या, मला असं पाहून काय म्हणतील ते आधी ऐका.

गाडी जुंपली तवा ऊन होतं, मीही मागं बसले. कचेरीत देशमुख पुटपुटले, पण माधव मोठ्यानं बोलला, जागा माझी होती, माझ्या बापानं ह्याला दिली.

करीम आला. घरात हाय, जिवंत हाय. मॅट्रिकचं साल गेलं, शाळेत जात न्हाई, गात न्हाई. अंगणात पोरं काही म्हणायला लागली की आत जाऊन दार लावतो. यंदा जलसा हाय म्हणतात, नवं गाणं, नवी टोपी, पुढं माधव उभा राहणार. त्याचा घसा आता चांगला हाय.

करीम सुटला त्या दिवशी मी वयनींचा डावा हात भरला. भरल्यावर मणेरीण बाईच्या हातावर हात ठेवून म्हणते, हात असेच भरलेले राहोत. मी म्हणलं, मनापासून म्हणलं, आजही म्हणते. पण तिचे हात भरलेले राहायचे तर देशमुख जगला पाहिजे. ज्याला मी मरेपर्यंत माफ करणार न्हाई, त्याचं आयुष्य मागते, मास्तर, आन् तेही कमी मागता येत न्हाई.